श्रद्धा, बुद्धी आणि मरियेचा सन्मान : कॅथलिक-प्रॉटेस्टंट मतभेदाचे ऐतिहासिक स्वरूप

प्रस्तावना :
सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेचे अध्यापन करताना कॅथलिक पंथ म्हणजे अंधश्रद्धा आणि प्रॉटेस्टंट पंथ म्हणजे बुद्धिवाद, असे समीकरण अनेकदा मांडले जाते. हे समीकरण सोयीचे असले तरी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. येशूची माता मरिया हिच्या सन्मानाचा वाद हे त्याचे बोलके उदाहरण होय. या वादाच्या आधारे दोन्ही पंथांच्या श्रद्धा व बुद्धीविषयक भूमिकांचा परामर्श घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मध्ययुगीन पार्श्वभूमी :
इ. स. ४३१ च्या इफिसस धर्मपरिषदेने मरियेसाठी 'देवमाता' ही संज्ञा मान्य केली. तीमागे मरियेच्या गौरवापेक्षा ख्रिस्ताचे देवत्व व मनुष्यत्व अभिन्न आहे, हे ठसविण्याचा हेतू प्रधान होता. पुढे इ. स. ७८७ च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने पवित्र प्रतिमांना द्यावयाचा मान आणि केवळ देवाचीच करावयाची आराधना यांत भेद केला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने देवाची आराधना, संतांचा सन्मान आणि मरियेचा विशेष सन्मान अशा तीन पायऱ्या मानल्या. देवाचे अस्तित्व बुद्धीने सिद्ध करता येते. त्रैक्यासारखी सत्ये मात्र प्रकटीकरणानेच कळतात, असे त्याचे मत होते.

मरिया जन्मापूर्वीच पवित्र झाली, हे अक्वायनसला मान्य होते. परंतु गर्भधारणेच्या क्षणापासूनच ती आदिपापमुक्त होती, हे त्याला मान्य नव्हते. तसे मानल्यास तिला ख्रिस्ताच्या तारणाची गरजच उरत नाही, असा त्याचा तर्क होता. डन्स स्कोटस याने त्यास उत्तर दिले : पापात पडलेल्यास वर काढण्यापेक्षा पडूच न देणे हे अधिक श्रेष्ठ तारण होय. अर्थात, मरियेविषयीचा सिद्धान्त केवळ भावुकतेतून नव्हे, तर सूक्ष्म तर्कातूनही घडत गेला.

सुधारकांचा आक्षेप :
मार्टिन ल्यूथरचा रोख नेमका या तर्कपद्धतीवर होता. सप्टेंबर १५१७ मध्ये, सुप्रसिद्ध पंचाण्णव प्रमेयांपूर्वीच, त्याने ॲरिस्टॉटलवर आधारलेल्या धर्मशास्त्राविरुद्ध प्रमेये मांडली होती. १५२१ मध्ये वर्म्स येथे त्याने शास्त्रवचनाबरोबर स्पष्ट युक्तिवादाचाही दाखला मागितला, हे खरे. परंतु तारणाच्या बाबतीत मानवी बुद्धीवर त्याचा विश्वास नव्हता. त्याच काळात त्याने मरियेच्या स्तोत्रावर आदरपूर्ण भाष्य लिहिले. तिची थोरवी तिच्या पुण्याईत नसून देवाच्या कृपेत आहे, हे त्याचे सार होय. १५३० च्या ऑग्सबुर्ग मतपत्राने संतांचे स्मरण मान्य केले, पण शास्त्राधार नसल्याने त्यांचा धावा अमान्य केला. काल्व्हिनने सन्मान व आराधना हा भेद व्यवहारात टिकत नाही, असे म्हणून तोही नाकारला.

कॅथलिक प्रत्युत्तर :
ट्रेंट परिषदेने (१५४५-६३) शास्त्राबरोबर परंपरेलाही प्रमाण मानले आणि संतांची विनवणी हितकर ठरविली. १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी मरियेचा निष्कलंक गर्भसंभव आणि १९५० मध्ये बारावे पायस यांनी तिचे सदेह स्वर्गारोहण श्रद्धासिद्धान्त म्हणून घोषित केले. या दोहोंच्या दरम्यान, १८७० मध्ये, पहिल्या व्हॅटिकन परिषदेने बुद्धीच्या प्रकाशात देवाचे निश्चित ज्ञान होऊ शकते, असे प्रतिपादन केले. ज्या शतकात मरियाभक्ती वाढली, त्याच शतकात बुद्धीच्या सामर्थ्याची अशी ग्वाहीही दिली गेली, हे लक्षणीय आहे.

महाराष्ट्र व गोवा :
या वादाचे पडसाद मराठी मुलखातही उमटले. एलिझाबेथकालीन प्रॉटेस्टंट इंग्लंड सोडून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये मुद्रित झाले. १८१३ मध्ये मुंबईत कार्य सुरू करणारे अमेरिकन मिशनरी मात्र काल्व्हिनच्या परंपरेतील होते. त्यामुळे वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा आणि केवळ शास्त्रवाचनावर भर देणारी उपासना, या दोन्ही परंपरा एकाच शहरात नांदल्या.

समारोप :
१९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मरियेसाठी स्वतंत्र दस्तऐवज असावा की नाही, यावर मतदान होऊन १११४ विरुद्ध १०७४ मतांनी तो विषय चर्चविषयक दस्तऐवजात समाविष्ट झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने मरियेसाठी 'सहतारिणी' ही उपाधी अनुचित ठरविली. ख्रिस्ताचे एकमेव मध्यस्थत्व झाकोळू नये, ही चिंता आता दोन्ही बाजूंस समान दिसते. तथापि मूळ प्रश्न शिल्लक आहे : शास्त्रात जे लिहिलेले नाही, तेथे तर्क व परंपरा यांनी श्रद्धेस किती पुढे न्यावे? कॅथलिकांनी त्यांना अधिक वाव दिला, प्रॉटेस्टंटांनी शास्त्राची मर्यादा घातली. म्हणूनच हा संघर्ष श्रद्धा विरुद्ध बुद्धी असा नसून प्रमाण कशास मानावे याविषयीचा आहे, हे अध्यापनात स्पष्ट होणे अगत्याचे आहे.