बंद पडणारा ट्रॅक्टर आणि १९१९चा एक कायदा

पीएच.डी.च्या आराखड्यात 'संशोधन समस्या' असा एक भाग असतो. तिथे आपल्यापैकी बहुतेक जण विषय लिहून मोकळे होतात. 'मराठवाड्यातील शेतीचे यांत्रिकीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास.' ठीक आहे, विषय कळला. पण यात अडलंय काय? कोणाचं अडलंय? मुलाखतीत हा प्रश्न आला की समोरचा विद्यार्थी आराखड्याचं शीर्षकच पुन्हा एकदा सावकाश वाचून दाखवतो, हे मी दोन-तीनदा पाहिलंय.

म्हणून आज अशी गोष्ट सांगते, जिच्यात सगळं खरोखरच अडलेलं आहे. शेतात, चालू तासात.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ऑसिओला गावाजवळ विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. काळ पहिल्या महायुद्धाचा. धान्याला भाव होता आणि माणसं, घोडे युद्धाकडे चालले होते. त्यामुळे ट्रॅक्टरला अचानक गिऱ्हाईक आलं आणि शंभरावर कंपन्या बाजारात उतरल्या. काही चांगल्या होत्या, काही नुसत्या पाटी लावलेल्या. क्रोझियरने मिनियापोलिसच्या 'फोर्ड ट्रॅक्टर कंपनी'चा ट्रॅक्टर घेतला. या कंपनीचा डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता. फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून तिने ते नाव वापरलं होतं. खुद्द हेन्री फोर्ड यांचा ट्रॅक्टर १९१७ मध्ये आला तो 'फोर्डसन' या नावाने.

क्रोझियरचा ट्रॅक्टर धड चालेना. बदलून मागितला, तर दुसराही तसाच. मग त्याने 'बुल' नावाचा घेतला, त्याचंही तेच. तिसऱ्या खेपेला रुमेली कंपनीचा घेतला आणि तो मात्र कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त काम करू लागला.

इथे जरा थांबा. हा माणूस 'ट्रॅक्टर हे खूळ आहे, आपली घोडीच बरी' असं म्हणू शकला असता. किंवा 'अमुक कंपनी चोर आहे' म्हणून गप्प बसला असता. पण दोन वाईट आणि एक चांगला अशी तुलना त्याच्यासमोर होती आणि त्यातून त्याने प्रश्न काढला : पैसे मोजण्याआधी चांगला कोणता आणि वाईट कोणता हे मला कळायला मार्गच का नव्हता? कंपनीची जाहिरात सोडली तर शेतकऱ्याच्या हातात काय होतं? 'वाईट ट्रॅक्टर' हा विषय झाला. 'विकत घेण्याआधी खरं-खोटं ठरवण्याची सोय नाही' ही समस्या. आराखड्यात ही दुसरी ओळ हवी असते.

क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात गेला. सिनेटर चार्ल्स वॉर्नर यांच्या साथीने त्याने विधेयक आणलं आणि १९१९ मध्ये नेब्रास्काचा ट्रॅक्टर चाचणी कायदा झाला. राज्यात जे मॉडेल विकायचं, ते आधी नेब्रास्का विद्यापीठाकडून तपासून घ्यायचं. आणि कंपनीने राज्यात सुट्या भागांचा साठा ठेवायचा. माझ्या मते या दुसऱ्या अटीकडे इतिहासकारांचं लक्ष कमी गेलं आहे. यंत्र बंद पडणारच, हे त्या कायद्याने गृहीत धरलं होतं. पहिली पूर्ण झालेली चाचणी १९२० मधली, 'वॉटर्लू बॉय' या ट्रॅक्टरची.

आता प्रश्न असा, की त्या काळचे ट्रॅक्टर इतके बंद का पडत? इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातलं तंत्र टाळता येत नाही. तेव्हाची बरीच इंजिनं रॉकेलवर चालत, कारण ते पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं. पण रॉकेलची वाफ सहज होत नाही. म्हणून इंजिन आधी पेट्रोलवर सुरू करायचं, चांगलं तापलं की रॉकेलवर न्यायचं. बांधावर दोन मिनिटं मंद चालवत ठेवलं, थंडी असली, भार कमी पडला, की इंजिन निवतं, रॉकेल नीट जळत नाही आणि ते आचके देत बंद पडतं. न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑइल पातळ करतं, ते वेगळंच. म्हणजे शेतकऱ्याला इंधन स्वस्त मिळालं खरं, पण फरकाची भरपाई तो वेळेने आणि बेअरिंगने करत होता. जमाखर्चाच्या वहीत यातली फक्त पहिली बाजू सापडते.

डिझेलने हे दुखणं घालवलं आणि दुसरं आणलं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्येच ऑग्सबुर्गला चाललं होतं, पण त्यात इंधन दाबाच्या हवेने आत मारावं लागे आणि तो सरंजाम शेतात नेण्याजोगा नव्हता. बॉश कंपनीचा इंजेक्शन पंप १९२७ मध्ये कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला, तेव्हा कुठे लहान डिझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. या पंपाला दोन गोष्टी चालत नाहीत : कचरा आणि हवा. ठिणगीचा खेळ संपला. आता बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा टाकी ते नोझल या नळीत असतं.

आमच्या घरचा जुना ट्रॅक्टर गेल्या रब्बीच्या तोंडावर असाच वागत होता. पाऊणएक तास चालायचा, हळूहळू दम सोडायचा, बंद. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. जमिनीत ओल होती तोवर पेरणी उरकायची होती आणि भाड्याच्या ट्रॅक्टरला नंबर लागलेले. गावातल्या एकाने इंजेक्शन पंप उतरवून शहरात पाठवायचा सल्ला दिला, म्हणजे काही हजार रुपये आणि किमान चार दिवस.

मिस्त्री आले. पान्याला हात लावायच्या आधी त्यांनी बाबांना विचारलं, "दादा, बंद पडताना धूर कसला येतो?" काहीच नाही. काळा धूर असता तर हवेची गाळणी चोंदली असती. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. "एकदम पडतो की दम सोडत?" दम सोडत. "आणि टाकी भरलेली असली की लवकर पडतो का अर्धी असली की?" बाबांनी जरा आठवून सांगितलं, भरली की लवकर. मिस्त्री हसले. "पुढच्या वेळी बंद पडला की नुसतं झाकण उघडा, आणि कान द्या."

झाकण फिरवल्यावर फुस्स आवाज आला. झाकणाला हवा जायला एक बारीक भोक असतं. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता, तेव्हा कुंभारीण माशीने त्यात माती भरली होती. डिझेल खाली जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही. टाकीत पोकळी तयार होते, ती डिझेल धरून ठेवते. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर बनते. पंधरा मिनिटं थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते आणि इंजिन चालू. तारेने भोक साफ केलं आणि त्याच संध्याकाळी पेरणी पुढे सुरू झाली.

तिसरा प्रश्न पुन्हा वाचा. पहिल्या दोन प्रश्नांनी शक्यता कमी केल्या. पण फिल्टर चोंदला, जाळीत गाळ अडकला, नळीने हवा घेतली किंवा झाकणाचं भोक बुजलं, या सगळ्यांत इंजिन असंच दम सोडतं. भरल्या टाकीला लवकर बंद पडणं मात्र त्यांतल्या एकाशीच जुळतं. सगळ्या स्पष्टीकरणांना सारखाच लागू पडणारा पुरावा कितीही गोळा केला तरी पारडं हलत नाही. आपण प्रबंधात तोच ढिगाने गोळा करतो.

आणखी एक. असल्या तक्रारी कंपनीच्या पुस्तकात तक्त्यात मांडलेल्या असतात, पण त्यांतलं आधी काय तपासायचं हे मिस्त्री स्वतःच्या हिशेबाने ठरवतो : फुकटचं आधी, पंप शेवटी. हा क्रम कुठेही लिहिलेला नाही. त्या मिस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढे आहे. तोंडी इतिहासावर काम करायचं असेल तर अशांच्या मुलाखती या एक-दोन वर्षांत घ्या.

लिखित साधनांचं काय? इथे भारतातली एक गोष्ट उपयोगी पडेल. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातली कांस गवताने व्यापलेली जमीन मोडायला केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज घेऊन यंत्रं आणली. नर्मदेकाठी बुधनीला १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघालं आणि पुढे तिथेच चाचणीही सुरू झाली. देशात ट्रॅक्टरचं उत्पादन १९६१ नंतर रुळलं. त्यामुळे इथल्या कारखान्यांचे ट्रॅक्टर शेतात आले त्या सगळ्या काळाला समांतर असे बुधनीचे चाचणी अहवाल आहेत. ताकद, डिझेलचा खप, चाचणीत काय मोडलं, काय बदलावं लागलं. इतिहासाचे विद्यार्थी त्यांना हात लावत नाहीत, कारण ते 'इंजिनिअरिंगचं' वाटतं.

उलट पशुगणनेचे आकडे सगळे उचलतात. त्यात बैलांबरोबर ट्रॅक्टरही मोजलेले असतात आणि तक्ता सोपा असतो : बैल कमी, ट्रॅक्टर जास्त. पण ती मोजणी आहे त्या ट्रॅक्टरांची, चालू असलेल्यांची नव्हे. तालुक्याला ट्रॅक्टर पन्नास आणि ऐन पेरणीत त्यांतले वीस उभे, तर बैल विकणं परवडेल का? अनेक घरांनी ट्रॅक्टर आल्यावरही एक जोडी का ठेवली, याचं उत्तर 'परंपरा' असं देऊन आपण पुढे जातो. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) वाचलं नसेल तर वाचा; शोध कधी लागला यापेक्षा वस्तू वापरात कशी राहिली, दुरुस्त कोणी केली, हे विचारायला ते शिकवतं.

यंत्र नीट चालतं त्या दिवशी कोणीच काही लिहून ठेवत नाही. बंद पडलं की तक्रार, पावती, उधारीची नोंद, कधी कोर्टाचा कागद, आणि क्रोझियरसारख्याच्या बाबतीत अख्खा कायदा. तेव्हा तालुक्याला जाल तेव्हा बँकेच्या कर्जखात्यांआधी जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या उधारीच्या वह्या माळ्यावर आहेत का ते विचारा. वॉशर आणि फिल्टर कोणत्या महिन्यात जास्त खपले, हे एकदा त्यातून उतरवून घ्या. मग पेरणीच्या तारखा शेजारी मांडा.