किल्ली कोणाच्या हाती? मध्यस्थाविना टोकन-विनिमयाचा इतिहास

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची टोकन्स नाहीशी झाली. वॉलेट बहुस्वाक्षरी पद्धतीचे होते. एकाच माणसाची किल्ली चोरून ते उघडता येणार नव्हते. तरीही ते रिते झाले. एक्स्चेंजने पैसे काढण्याची सोय थांबवली आणि ज्यांची नाणी चोरीला गेलीच नव्हती, अशांचीही खाती गोठली. त्यांच्या पडद्यावर शिल्लक दिसत होती. परंतु ती एक्स्चेंजच्या वहीतील नोंद होती. ब्लॉकचेनवरची खरी किल्ली त्यांच्यापाशी नव्हती.

यातील बोचणारी गोष्ट अशी, की किल्ली कोणाच्याही हवाली न करता एका ब्लॉकचेनवरील नाणे देऊन दुसरीवरील नाणे घेण्याची रीत तोवर अकरा वर्षांची जुनी झाली होती.

प्रश्न मुळात क्रिप्टोहून जुना आहे. दोन अनोळखी माणसांनी दूर बसून अदलाबदल करायची, तर आधी द्यायचे कोणी? जो आधी देतो तो फसण्याचा धोका पत्करतो. १९९९ मध्ये हेनिंग पाग्निया आणि फेलिक्स गेर्टनर यांनी दाखवून दिले, की विश्वासू तिऱ्हाइतावाचून काटेकोर न्याय्य देवघेव अशक्य आहे. आपल्याकडे हुंडीचा सारा व्यवहार अशाच तिऱ्हाइताच्या, म्हणजे सराफी पेढीच्या, नावलौकिकावर चाले.

मे २०१३ मध्ये ‘टियर नोलन’ या नावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने या पेचातून एक वाट सुचवली. त्याने तिऱ्हाइताला हद्दपार केले, असे सांगितले जाते. त्याच्या जागी त्याने ब्लॉकचेनलाच बसवले, असे म्हणणे अधिक नेमके होईल. ही रीत पुढे ‘अ‍ॅटॉमिक स्वॅप’ म्हणून ओळखली गेली. अ‍ॅटॉमिक म्हणजे येथे अविभाज्य: व्यवहार होईल तर दोन्ही बाजूंनी होईल, नाहीतर मुळीच होणार नाही.

समजा, ‘अ’कडे बिटकॉइन आहेत आणि ‘ब’कडे लाइटकॉइन. ‘अ’ एक अतिशय मोठी यादृच्छिक संख्या निवडतो. हे त्याचे गुपित. तिच्यावरून तो हॅश काढतो. गुपितावरून हॅश काढणे क्षणाचे काम आहे. उलट हॅशवरून २५६ बिटांचे गुपित हुडकायचे, तर २ च्या २५६ व्या घाताइतक्या शक्यता समोर उभ्या राहतात. ‘अ’ आपले बिटकॉइन अशा अटीवर कुलूपबंद करतो, की जो ‘ब’ हे गुपित सादर करील त्याला ते मिळावेत. ४८ तासांत तसे घडले नाही, तर ते ‘अ’कडे परत यावेत. हे कुलूप पाहून ‘ब’ त्याच हॅशने आपले लाइटकॉइन बंद करतो, मात्र मुदत २४ तासांचीच ठेवतो. आता ‘अ’ला लाइटकॉइन हवे असतील तर गुपित उघड करावेच लागते, आणि एकदा ते लाइटकॉइनच्या ब्लॉकचेनवर उमटले की ‘ब’ ते तेथून वाचून बिटकॉइन उचलतो.

येथे बिटकॉइनच्या जाळ्याला लाइटकॉइनच्या जाळ्याची खबरही नसते. दोहोंना सांधणारी एकच गोष्ट म्हणजे ते गुपित. दोन मुदतींतील अंतरही सहज ठेवलेले नाही. ‘अ’ने शेवटच्या घटकेला गुपित उघडले तरी ‘ब’च्या हाती पुरता एक दिवस उरला पाहिजे. तो दिवस ‘ब’ने झोपेत घालवला, तर मात्र ‘अ’ दोन्हीकडची नाणी घेऊन जाऊ शकतो.

कागदावरची ही रीत प्रत्यक्षात यायला चार वर्षे लागली. परतीचा व्यवहार आधीच सही करून ठेवायचा, तर त्या काळी बिटकॉइनमध्ये पुष्टी होण्यापूर्वी व्यवहाराचा ओळखक्रमांक बदलता येत असे आणि ती सही निरुपयोगी ठरे. डिसेंबर २०१५ मध्ये बिटकॉइनच्या नियमांत थेट मुदतीच्या कुलपाची आज्ञा आली आणि ही अडचण बरीच दूर झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये लाइटकॉइनचे निर्माते चार्ली ली यांनी डिक्रेडशी आणि पाठोपाठ बिटकॉइनशी अशी अदलाबदल करून दाखवली. पुढच्या वर्षी ब्राऊन विद्यापीठाचे मॉरिस हर्लिही यांनी अनेक पक्षांमधील स्वॅपचे गणित मांडले.

मग लोक एक्स्चेंजकडेच का जात राहिले? कारण स्वॅप मंद आहे आणि त्यासाठी नेमका प्रतिपक्ष शोधावा लागतो. शिवाय त्यात एक सूक्ष्म अन्याय दडला आहे. ‘ब’ने नाणी अडकवल्यावर ‘अ’ भाव पाहत थांबू शकतो: भाव लाभाचा झाला तर गुपित उघडायचे, नाहीतर मुदत जाऊ द्यायची. त्याला फुकट ‘ऑप्शन’ मिळतो.

या गैरसोयीतून ‘ब्रिज’ आले. एका बाजूला नाणी ठेवून घ्यायची आणि दुसऱ्या बाजूला त्यांची प्रतिरूपे द्यायची, हे त्यांचे काम. म्हणजे किल्ल्या पुन्हा मूठभर हातांत. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजच्या नऊपैकी पाच किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि १,७३,६०० ईथर व २.५५ कोटी यूएसडीसी गेले. सहा दिवस कोणाच्या ध्यानातही आले नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरची चोरी झाली. चोरट्यांनी त्यातील बराचसा ईथर थॉरचेनमार्फत बिटकॉइनमध्ये फिरवला. थॉरचेनची रचना वरील स्वॅपहून वेगळी आहे. तेथे अनेक नोड मिळून नाणी सांभाळतात. पण अडवणारा मध्यस्थ नसण्याचा लाभ चोरालाही मिळतो.

भारतीय कायदा अजून मध्यस्थ गृहीत धरून चालतो. १ जुलै २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणावर एक टक्का टीडीएस लागू आहे. टोकनच्या बदल्यात टोकन असेल, तर कर भरला गेल्याची खात्री करूनच मोबदला सोडावा, अशी त्यातील अट आहे. एक्स्चेंजवर हे काम एक्स्चेंज करते. हॅशच्या कुलपाला मात्र चलनाची पावती दिसत नाही. त्याला फक्त गुपित आणि वेळ कळते.

वझीरएक्सच्या चोरीनंतर सव्वा वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयासमोर एका ग्राहकाचे प्रकरण आले. त्या ग्राहकाची नाणी चोरीला गेलेल्या प्रकारची नव्हती, तरी नुकसान सर्व ग्राहकांत वाटून घेण्याची योजना पुढे आली होती. क्रिप्टो चलन ही मालमत्ता आहे; तिची मालकी असू शकते आणि ती दुसऱ्याने विश्वस्त म्हणून धारणही करता येते, असे न्यायालयाने म्हटले. एक्स्चेंजच्या वहीतील नोंद कोणाची, या प्रश्नाला त्या ग्राहकापुरते उत्तर न्यायालयातून मिळाले.