काळोखातली नजर : तोंडवलीच्या किनाऱ्यावरून

मालवणच्या उत्तरेला, गड नदीची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूवर तोंडवली आणि तळाशील ही गावे आहेत. सुरूचे बन, माडांखालची घरे, वर ओढून ठेवलेल्या होड्या आणि पुढे समुद्र. अशा किनाऱ्यावर काळोखात काही शोधायचे तर दोन वाटा असतात: उजेड तिथवर न्यायचा, नाहीतर उजेडाशिवाय नजर वाढवायची. ढोबळमानाने मासेमारीने पहिली वाट धरली, आरमारांनी दुसरी.

सर्वांत जुने साधन डोळाच. काळोखात तरुण माणसाची बाहुली सुमारे 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. पण दृष्टिपटलातल्या दंडपेशींना पुरते सरावायला अर्धा तास लागतो. मधेच कोणी कंदील तोंडासमोर धरला की तो अर्धा तास फुकट. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून अंधुक होडी नीट दिसायला हवी असेल तर तिच्या किंचित बाजूला बघावे लागते. थंडीच्या दिवसांत समुद्रात नॉक्टिल्युका हा सूक्ष्म जीव वाढला, तर पाणी हलेल तिथे निळसर चमकते. तारल्यांचा थवा वळला की त्याची वाट उजळते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, कुठे टाकायची हे ठरवायला अशी चमक कोणत्याही दिव्यापेक्षा कामाची.

सिंधुदुर्गाचा पाया 25 नोव्हेंबर 1664 रोजी घातला गेला तेव्हा दुर्बीण जेमतेम साठ वर्षांची होती. पुढे युरोपीय आरमारांत रात्रीसाठी वेगळी दुर्बीण आली. तिचे पुढचे भिंग मोठे, आतल्या काचा मोजक्या आणि चित्र उलटे! ते सुलट करायला जादा भिंगे लागतात आणि लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के उजेड मागे फिरतो. रात्री तेवढाही घालवणे परवडत नसे. खलाशी उलटे जहाज बघायला शिकत.

काचेवर परावर्तन रोखणारे लेप 1930 नंतर आले आणि समुद्रावर 7×50 ही दुर्बीण रूढ झाली. तिचे गणित सोपे आहे. 50 ला 7 ने भागले की मागच्या भिंगातून डोळ्यात जाणाऱ्या झोताची जाडी मिळते, 7.1 मिलिमीटर, म्हणजे उघड्या बाहुलीएवढी. 8×30 मध्ये ती 3.75 भरते, त्यामुळे दिवसा लख्ख दिसणारी ही दुर्बीण संध्याकाळनंतर मंदावते. 10×50 मोठे दाखवते, पण हलत्या होडीत चित्र थरथरते. वय वाढले की बाहुली मात्र पूर्वीइतकी उघडत नाही. पन्नाशीतल्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हाती 7×50 दिली तर बराच उजेड बाहुलीबाहेरच सांडतो. विकत घेणाऱ्याला ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

उजेड नेण्याची वाट किनाऱ्यावर चुडीपासून कंदिलापर्यंत आणि तिथून गॅसबत्तीपर्यंत आली. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कारखान्यातली पेट्रोमॅक्स विसाव्या शतकाच्या आरंभीची. पंप मारून रॉकेलची वाफ करायची आणि ती मेंटलवर पेटवायची. याच बत्तीच्या उजेडात कोकणात दशावतार रंगला.

दुसऱ्या वाटेवर खरी उडी 1934 साली पडली. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत अदृश्य अवरक्त किरणांचे दृश्य चित्र करणारी नळी तयार झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन आणि अमेरिकी सैनिकांच्या बंदुकांवर अवरक्त दिवा आणि ही नळी बसली. अमेरिकी सैन्याने ती 1945 मध्ये ओकिनावात वापरली. दिवा डोळ्यांना दिसत नसला तरी तो दिवाच होता: तशीच नळी समोरच्याकडे असेल तर वापरणारा लांबून उघडा पडे. व्हिएतनाम युद्धातल्या स्टारलाइट दुर्बिणींनी दिवा काढून टाकला आणि चांदण्यांचा उजेडच हजारो पटींनी वाढवला. पुढच्या पिढीत केसाहून बारीक लाखो छिद्रांची काचेची चकती आली, तिसऱ्या पिढीत गॅलियम आर्सेनाइडचा थर. भारतात अशा नळ्या बनवण्यासाठी 1990 मध्ये पुण्यात भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट यांच्या भागीदारीतून कारखाना निघाला. तोच पुढे बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस झाला.

निवड करताना पिढीचा आकडा फसवतो. नळीचा कस बारकावे दाखवण्याची क्षमता आणि खरखरीच्या तुलनेत चित्राचा संकेत किती ठळक यांवर ठरतो. या दोन आकड्यांचा गुणाकारच तुलनेसाठी वापरतात. 64 आणि 25 असतील तर 1600. थर्मल कॅमेऱ्याचे तंत्र निराळे. त्याला चांदणे लागत नाही, तो उष्णतेतला फरक बघतो. होडीचे गरम इंजिन आणि माणूस लगेच उठून दिसतात, पण होडीवर रंगवलेले नाव बहुधा वाचता येत नाही. केबिनच्या काचेआडून तर तो आंधळाच, कारण साधी काच ही उष्णता अडवते. ढगाळ अमावास्येला थर्मल, ओळख पटवायला नळी असा रिवाज त्यातून पडला.

26 नोव्हेंबर 2008 रोजी हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत उतरले. त्यानंतर तटरक्षक दलाने किनारा आणि बेटांवर पहिल्या टप्प्यात 46 ठिकाणी रडार आणि दिवसरात्र चालणारे कॅमेरे बसवले.

त्याच सुमारास मासेमारीच्या दिव्यांनी टोक गाठले. जनरेटरवर पेटवलेल्या प्रखर एलईडी दिव्यांकडे प्लवक आणि लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे, आणि सगळे पर्ससीन जाळ्यात जातात. चांदण्या रात्री दिव्याचा जोर कमी पडतो, म्हणून हा उद्योग काळोखातलाच. रापणकरांच्या वाट्याला मग रिकामे जाळे ओढणे येते. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीवर बंदी घातली. दिवे चालू असलेली नौका शोधायला कसलीच दुर्बीण लागत नाही. तिचा लखलखाट किनाऱ्यावरून दिसतो. दिवे विझवून ती निघाली की थर्मल कॅमेऱ्याचे काम सुरू होते.

वाळूवर मात्र सगळा हिशेब उलटतो. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला वर येते. बॅटरीचा पांढरा झोत पडला तर ती तशीच परत फिरू शकते आणि पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात. थर्मल कॅमेराही इथे भरवशाचा नाही, कारण कासविणीच्या अंगाचे तापमान पाण्याच्या जवळपास असते. लांब तरंगलांबीचा तांबडा उजेड कासवांना कमी जाणवतो, म्हणून बॅटरीवर लाल कागद लावतात आणि तीही शक्यतो विझवूनच चालतात. ओल्या वाळूवर फ्लिपरच्या आळीपाळीने उमटलेल्या खुणांचा पट्टा, सुमारे पाऊण मीटर रुंद, सरावलेल्या डोळ्याला चांदण्यातही सापडतो.