कारची पॉवर सीट हलत नाही? बिघाड नेमका कुठे आहे, असं ओळखा

एकच कार घरातले दोघं चालवत असतील, तर पॉवर सीटचं बटण रोजच दाबलं जातं. एक दिवस मात्र बटण दाबूनही सीट हलत नाही. उंच माणसाने सीट मागे नेलेली असेल आणि नंतर बसणाऱ्याचा पाय ब्रेकवर पूर्ण पोहोचत नसेल, तर प्रश्न फक्त सोयीचा उरत नाही. अशा वेळी गाडी चालवूच नये.

पॉवर सीट चालते कशी?

सीटखाली 12 व्होल्टच्या छोट्या मोटर असतात. पुढे-मागे, वर-खाली आणि पाठ कलती करण्यासाठी साधारणपणे वेगवेगळी मोटर असते. बॅटरीचा करंट फ्यूज आणि स्विचमधून मोटरपर्यंत पोहोचतो. उलट दिशेचं बटण दाबलं की मोटरच्या तारांमधले प्लस-मायनस बदलतात आणि तीच मोटर उलटी फिरते.

लक्षणं काय सांगतात?

• काहीच हलत नाही, आवाजही नाही: संशय फ्यूज, कनेक्टर किंवा अर्थिंगवर. सगळ्या मोटर एकदम जळणं दुर्मीळ.

• सीट पुढे जाते, पण मागे नाही: मागे सामान अडकलं नसेल, तर दोष बहुधा स्विचमध्ये. मोटर चांगली आहे, हे पुढे जाण्यावरूनच कळतं.

• एकच हालचाल बंद: स्विचचा तेवढा भाग, ती मोटर किंवा तिची वायर.

• घरघर येते, पण सीट जागची हलत नाही: रुळात नाणं, पेन अडकलेलं असतं किंवा गिअर झिजलेला असतो.

• कधी चालते, कधी नाही: कनेक्टर सैल किंवा वायर तुटत आलेली.

तपासणी कुठून सुरू करावी?

आधी टॉर्च घेऊन सीटखाली बघा. मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून सीटचा फ्यूज तपासा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. जास्त अँपिअरचा फ्यूज टाकल्यास वायर तापून आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.

फ्यूज ठीक असेल तर मल्टिमीटर लागतो. स्विचपर्यंत 12 व्होल्ट येतात, पण बटण दाबल्यावर स्विचमधून पुढे जात नाहीत, तर स्विच खराब. मोटरच्या कनेक्टरवर व्होल्टेज येतं, तरी मोटर गप्प, तर मोटर खराब. मेमरी सीटमध्ये मात्र मध्ये कंट्रोल मॉड्यूल असतं. त्यासाठी स्कॅनर लागतो. गाडीत पाणी शिरलं असेल तर कनेक्टरवर हिरवट गंज, आणि उंदरांचा वावर असेल तर कुरतडलेल्या वायर हमखास तपासा.

सीटखालचा पिवळा कनेक्टर

सीटखालचा पिवळा कनेक्टर सहसा एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचा असतो. त्याला मल्टिमीटर लावू नका. चुकून एअरबॅग उघडून गंभीर इजा होऊ शकते. सीट काढायची असेल, तर बॅटरी सोडवून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावं लागतं. हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावं.

सीटखालची सफाई, फ्यूज आणि सैल कनेक्टर एवढं घरी पाहता येतं. त्यापुढचं काम गॅरेजचं. पण लक्षण नेमकं सांगितलं, तर फक्त स्विच बिघडलेला असताना पूर्ण मोटर बदलण्याचा खर्च वाचू शकतो.