गिरगावचे मॅजेस्टिक : बोलपटाचे पहिले घर

मुंबईच्या गिरगाव भागातील मॅजेस्टिक सिनेमा हे चित्रपटगृह आज अस्तित्वात नाही. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभे आहे. मात्र भारतीय चित्रपट प्रथमच बोलू लागला तो याच वास्तूत.

१९१८ मध्ये अर्देशीर इराणी आणि अब्दुलअली युसुफअली या भागीदारांनी हे चित्रपटगृह उभारले. तो काळ मूकपटांचा होता. त्यानंतर इराणी यांनी इम्पीरियल फिल्म कंपनी स्थापन केली आणि तिच्या वतीने 'आलम आरा' या बोलपटाची निर्मिती व दिग्दर्शन केले. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावर तो आधारित होता. स्टुडिओजवळून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये, म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री करण्यात आले. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झालेली नसल्याने कलाकारांनी गाणी चित्रीकरणाच्या वेळीच गायिली.

१४ मार्च १९३१ रोजी हा चित्रपट मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. झुबेदा, मास्टर विठ्ठल आणि पृथ्वीराज कपूर यांच्या त्यात भूमिका होत्या. प्रेक्षकांच्या गर्दीला आवर घालण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले. तिकिटे मूळ दराच्या कित्येक पटीने काळ्या बाजारात विकली गेली.

पुढील वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' याच पडद्यावर झळकला. व्ही. शांताराम दिग्दर्शित हा चित्रपट मराठीतील पहिला बोलपट मानला जातो. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या.

मराठी ग्रंथव्यवहाराशीही या चित्रपटगृहाचा संबंध आहे. केशवराव कोठावळे यांनी १९४२ मध्ये त्याच्या परिसरात मॅजेस्टिक बुक स्टॉल सुरू केला. त्यातूनच पुढे मॅजेस्टिक प्रकाशन ही नामवंत संस्था उभी राहिली.

'अयोध्येचा राजा' आजही पाहता येतो, 'आलम आरा'ची मात्र एकही प्रत उपलब्ध नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत ती नष्ट झाल्याचे अनेकदा सांगितले जाते. परंतु राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी याचा इन्कार केला होता. संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. त्यामुळे बोलपटांच्या प्रारंभकाळातील कित्येक चित्रपट जतन करण्याची वेळ तोवर निघून गेली होती. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म टिकवणे अवघड होते आणि तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे विकलीही जात.

पहिला बोलपट आणि तो दाखवणारी वास्तू ही दोन्ही आज काळाच्या पडद्याआड गेली आहेत. 'मॅजेस्टिक' हे नाव मात्र गिरगावात आणि मराठी पुस्तकांवर कायम आहे.