गाडी उघडता येण्याचा इतिहास

लांबच्या प्रवासात मोटरसायकल बंद पडली तर ती आपली आपण उघडायची, दोष शोधायचा आणि पुढे निघायचं, हा आपल्याकडच्या स्वारांचा अनेक दशकांचा रिवाज होता. पाने, एक जादा प्लग, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची वायर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि पंक्चरचं सामान बाजूच्या पेटीत असल्याशिवाय जाणता माणूस घाट चढत नसे. या रिवाजाचं श्रेय बहुधा दोन गोष्टींना दिलं जातं: स्वाराची जिद्द आणि भारतीय माणसाची जुगाडबुद्धी. दोन्ही खऱ्या आहेत, पण त्यांनी उलगडा होत नाही. जिद्द आणि बुद्धी आजही तेवढीच आहे. तरी आजच्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी थांबली की तोच हुशार स्वार मदतीची वाट पाहत बसतो. माझं म्हणणं असं आहे की आपली गाडी आपण दुरुस्त करणं हा माणसाच्या स्वभावाचा भाग कधीच नव्हता. यंत्राची घडण, सुट्या भागांचा बाजार आणि दुरुस्तीच्या ज्ञानाचं सहज मिळणं या तीन गोष्टी जुळून आल्या तेव्हा तो रिवाज रुजला, आणि त्या सुटत गेल्या तसा तो उणावला. याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे बुलेट.

बुलेट हे नाव इंग्लंडमधल्या रेडिच इथल्या रॉयल एनफिल्ड कारखान्याने १९३२ साली पहिल्यांदा वापरलं. आपल्या ओळखीची बुलेट दुसऱ्या महायुद्धानंतरची, मागच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बर असलेली, ३५० सीसीची. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकारने लष्करासाठी अशा गाड्या मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडून गाड्या तयार होऊ लागल्या. १९५७ मध्ये ते भाग बनवण्याची साधनं इकडे आली आणि १९६२पर्यंत अख्खी गाडी इथेच घडू लागली. पुढची घटना मात्र कोणी योजलेली नव्हती. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास बुलेट बंद झाली, १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना मिटला आणि १९७० मध्ये मूळ धंदाही संपला. इथे परवाना पद्धतीच्या काळात नवीन इंजिन आखण्याची ना कोणाला घाई होती, ना सोय. सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वद मिलिमीटरचा स्ट्रोक आणि बिडाचा सिलिंडर असलेलं ३४६ सीसीचं तेच इंजिन, गिअरबॉक्स वेगळा, हे रूप किरकोळ फेरबदल सोसत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरपर्यंत टिकलं. परिणाम असा, की १९६५च्या गाडीवर जे शिकलं ते १९९५च्या गाडीवर जसंच्या तसं कामाला येत होतं. बापाचं ज्ञान मुलाला उपयोगी पडण्याइतका काळ एखादं यंत्र जागच्या जागी थांबलं, असं मोटार उद्योगाच्या इतिहासात क्वचितच घडलं आहे.

पण नुसतं थांबून भागत नाही. यंत्राला आपलं दुखणं सांगता आलं पाहिजे, आणि बुलेट ते सांगत असे. बॅटरी आणि कॉइलवर चालणाऱ्या बुलेटच्या हेडलाइटवर स्पीडोमीटरशेजारी एक छोटा ॲम्पिअर मीटर असतो. बॅटरीत करंट भरतोय की खर्च होतोय ते दाखवणं हे त्याचं काम. चावी लावून किक हळूहळू दाबत नेली की इंजिनातला सीबी पॉइंट मिटतो आणि उघडतो. पॉइंट मिटला की कॉइलमधून करंट वाहतो आणि काटा डावीकडे, खर्चाच्या बाजूला झुकतो. पॉइंट उघडला की तो मध्यावर येतो. बुलेट चालू करण्याची सगळी पद्धत या काट्यावर बेतलेली आहे. कॉम्प्रेशनचा अडथळा लागेपर्यंत किक दाबायची, काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशनचा खटका ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजनाने मारायची. वरून हा नुसता सराव वाटतो, पण त्यातच गाडीची तपासणी होऊन जाते. किक कितीही फिरवली तरी काटा हलतच नसेल, तर एक तर फ्यूज गेलाय, वायर सुटलीय किंवा पॉइंटवर घाण बसून करंट अडलाय. काटा डावीकडे जाऊन तिथेच अडकत असेल, तर पॉइंट उघडतच नाहीये किंवा कुठेतरी वायर बॉडीला चिकटलीय. काटा बरोबर हलतोय आणि तरीही गाडी घेत नाही, म्हणजे आता प्लग काढून बघा, नाहीतर पेट्रोलकडे वळा. एकही पाना हातात न घेता अर्धं निदान झालेलं असतं. पॉइंटचा दोष असेल तर टायमिंगच्या बाजूचं छोटं झाकण काढायचं, पॉलिश पेपर हलका फिरवायचा आणि पॉइंट पूर्ण उघडला असताना साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट राहील असा तो बसवायचा. प्रकाश असेल तर रस्त्याच्या कडेला एवढं काम कुणालाही जमतं.

टॅपेटचंही तसंच. बुलेटच्या उजव्या बाजूच्या झाकणाआड दोन पुशरॉड उभे असतात. इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खुळखुळता कामा नये. घट्ट असेल किंवा खेळत असेल तर तीन पाने लावून खालचा नट फिरवायचा आणि लॉकनट आवळायचा. इथे फिलर गेजसुद्धा लागत नाही, बोटांनाच कळतं. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असल्याने गिअरच्या कामासाठी इंजिनाला हात लावावा लागत नसे. गॅरेजमध्ये ठरलेला क्रम, पेट्रोल येतंय का, करंट येतोय का, कॉम्प्रेशन आहे का, हा अशा यंत्रातूनच आला. कारण तीन प्रश्नांची तीन उत्तरं तीन वेगळ्या जागी, उघड्या डोळ्यांना दिसत होती. त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांबरोबर मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकाही याला साजेशा असत. सिलिंडरचं हेड उतरवून कार्बन कसा खरवडायचा हेही त्या मालकाला सांगत. गाडी उघडणारा माणूस मालकच असेल, असं छापणाऱ्यानेच गृहीत धरलेलं होतं.

यंत्र साधं असलं की झालं, असं कोणी म्हणेल. ते पुरेसं नाही, हे दुसऱ्या दोन गाड्यांकडे पाहिलं की कळतं. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाच्या परवान्यावर राजदूत ३५० आणली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर आणि वेगाच्या बाबतीत त्या वेळच्या कुठल्याही देशी गाडीला न जुमानणारी. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. म्हणजे आत तर बुलेटहून सोपी. तिच्यावर जीव टाकणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. पण तिचे भाग महाग होते आणि काही वर्षांत उत्पादनच थांबलं, तसे ते दुर्मीळ झाले. जाणकार मालक असूनही अनेक गाड्या एखाद्या भागासाठी उभ्या राहिल्या. याउलट मैसूरच्या आयडियल जावाची येझदी पाहा. हा कारखाना १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनवू लागला, पुढे येझदी या नावाने त्या विकू लागला आणि १९९६ मध्ये बंद पडला. तरीही येझदी रस्त्यावरून नाहीशी झाली नाही, कारण तिचे भाग बनवणारे छोटे कारखानदार आणि ते विकणाऱ्या पेठा शिल्लक राहिल्या. पुण्यात नाना पेठेच्या गल्ल्यांत गाड्यांच्या भागांचा जो बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तसे बाजार देशभर होते. दुरुस्तीचा इतिहास लिहिताना आपण स्वाराचे आणि फार तर मिस्त्रीचे गोडवे गातो. माझ्या मते त्यात काउंटरपलीकडच्या दुकानदाराचा वाटा तेवढाच मोठा आहे: नमुना हातात घेऊन, उलटसुलट करून, कुठल्या सालच्या गाडीला कुठला भाग बसतो हे सांगणारा.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा: ही सारी मजबुरी होती. परवाना पद्धतीने ग्राहकाला जुनाट यंत्र दिलं, ते वारंवार बिघडत होतं आणि दुसरा पर्याय नव्हता, म्हणून माणसं पाने बाळगत होती. त्या टंचाईला संस्कृती म्हणणं चूक. आक्षेपातलं पहिलं अर्धं मी पूर्ण मान्य करतो. बुलेट तेल गाळत होती, हादरे देत होती, तिचे नट ढिले होत होते आणि गाडीसाठी नंबर लावून थांबणं हा त्या पिढीचा खरा त्रास होता. पण मजबुरी गरज निर्माण करते, क्षमता नव्हे. टंचाईच्या त्याच काळात टेलिफोनही बिघडत होते. ते कोणी घरी उघडून दुरुस्त केले नाहीत. शिवाय १९७७पासून बुलेट इंग्लंडमध्ये आणि युरोपात निर्यात होऊ लागली. तिथल्या गिऱ्हाइकासमोर जपानच्या उत्तम, क्वचितच बिघडणाऱ्या गाड्या उभ्या होत्या. तरी काही जण मुद्दाम हे जुनं इंजिन विकत घेत होते. त्यांची संख्या मोठी नव्हती, पण त्यांना कोणतीही मजबुरी नव्हती. घराच्या अंगणात उघडता येणारी गाडी हवी असणं ही त्यांच्यापुरती निवड होती, आणि तेवढ्यावरून दिसतं की मजबुरी वजा केली तरी काहीतरी उरतं.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. आपण दुरुस्ती केली असं म्हणणाऱ्या मालकांपैकी बहुतेकांनी ती केली नाही. केली ती कळकट कपड्यांतल्या मिस्त्रीने आणि त्याच्या हाताखालच्या पोऱ्याने, अगदी तुटपुंज्या मोबदल्यात. हे खरं आहे. आपल्याकडे श्रम स्वस्त होते आणि शाळेत असायला हवीत अशी मुलं गॅरेजमध्ये पाने पुसत होती, हे कुठल्याही स्मरणरंजनाने झाकू नये. तरीही मालक आणि मिस्त्री यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. काम फुटपाथवर, मालकाच्या डोळ्यांदेखत होत असे. कार्बोरेटर उघडला की जेटमधला कचरा मालकाला दिसे, जळका प्लग त्याच्या हातात दिला जाई. दोघेही एकाच यंत्राबद्दल एकच भाषा बोलत होते, आणि गावापासून दूर, मिस्त्री नसलेल्या जागी मालक जे करू शकला ते तिथे उभं राहून पाहिल्यामुळेच. आज सर्व्हिस सेंटरच्या काचेमागे गाडी जाते आणि बिल बाहेर येतं. या फरकाने ज्ञानाचं जे नुकसान झालं ते कष्टाच्या कमी मोबदल्याचं समर्थन न करताही मोजता येतं.

उरला नव्या गाडीचा प्रश्न, आणि तिथे जुन्याची बाजू घेणं अप्रामाणिक ठरेल. लडाखचंच उदाहरण घ्या. मनाली-लेह रस्ता १९८९ मध्ये सर्वसामान्य वाहनांना खुला झाला आणि लांबच्या मोटरसायकल प्रवासाची ती जणू परीक्षाच होऊन बसली. टांडीचा पंप सोडला की पुढे ३६५ किलोमीटर पंप नाही, असं सांगणारी पाटी कितीतरी फोटोंत दिसते. वाटेत तांगलांग ला ही खिंड पाच हजार मीटरच्या वर. तेवढ्या उंचीवर हवा विरळ होते, पण कार्बोरेटरचा जेट पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. मिश्रण जाड होतं, प्लगवर काजळी धरते, गाडी मिसिंग मारते, पिकअप जातो. जाणकार स्वार निडलची क्लिप एक खाच वर चढवून किंवा लहान जेट बसवून ते सावरत असे आणि खाली उतरल्यावर पुन्हा बदलत असे. फ्युएल इंजेक्शनची गाडी हवेचा दाब मोजून हे स्वतःच करते, प्रत्येक वळणावर, कोणाहीपेक्षा नेमकेपणाने. टॅपेटचंही तसंच: नंतरच्या काही बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले आणि त्यांत ते काम उरलंच नाही. धूर घटला, पेट्रोल वाचलं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, आणि श्वास घेणाऱ्या प्रत्येकासाठी ते बरंच झालं.

म्हणून कमी बिघडणं आणि उघडता न येणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आपण त्या एकत्र आल्या म्हणून एकच समजतो. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बंद पेटी असलीच पाहिजे असं नाही. होंडाच्या इंजेक्शनवाल्या अनेक गाड्यांत इंजिनाचा दिवा ठरलेल्या लयीत लुकलुकतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे बारा, आणि बारा नंबरचा दोष कुठला ते यादीत पाहायचं. ही ॲम्पिअरच्या काट्याचीच सोय आहे, नव्या साहित्यात. फरक इतकाच की काट्याचा अर्थ प्रत्येक गॅरेजमध्ये माहीत होता, तर कोडची यादी बहुधा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, आणि ते मॅन्युअल मालकाला गाडीबरोबर मिळत नाही. इतर कित्येक गाड्यांत कोड वाचायला वेगळा स्कॅनर लागतो आणि काही दुरुस्त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने मान्य केल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. इथे भौतिकशास्त्र आड येत नाही, कोणीतरी घेतलेला निर्णय आड येतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेतल्या चार क्षेत्रांत वाहनं आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या हक्कासाठीचं पोर्टलही सुरू झालं. मोटरसायकलपुरतं बोलायचं तर त्या हक्काचा पहिला हप्ता फार छोटा आहे: दोषांच्या कोडची पूर्ण यादी मालकाच्या पुस्तिकेत छापणं, सर्व्हिस मॅन्युअल रास्त किमतीत कोणालाही विकणं, आणि उत्पादन थांबल्यावर किती वर्षं सुटे भाग मिळतील ते गाडी विकतानाच लिहून देणं.