लाकूड वाहणाऱ्यांचे युद्ध

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या सागाची आवक थांबली. बराकी, पूल, धक्के यांसाठी सरकारला लाकूड तर हवेच होते. त्या मागणीचा भार देशातल्या जंगलांवर पडला. ठाणे जिल्ह्याचे जंगलही त्यातून सुटले नाही.

पालघर, बोईसर तेव्हा याच जिल्ह्यात होते. पूर्वेला जंगल, पश्चिमेला तारापूरची खाडी आणि मधून मुंबईकडे जाणारी रेल्वे. झाड पाडायचे, ओंडका ओढायचा, बैलगाडीत चढवायचा. युद्धाने लाकडाचा भाव वाढवला आणि ठेकेदाराचा नफाही. ओझे मात्र आदिवासीच्या खांद्यावर राहिले.

तो खांदा मोकळा नव्हता. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३८ साली मुंबई सरकारसाठी पाहणी केली, तेव्हा या भागातली वेठ आणि मारहाण त्याला नोंदवावी लागली. आपल्याला हे नवे नाही. वतनाच्या नावाखाली सरकारी ओझे वाहणारा महार हेच भोगत होता. बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले ते याच वतनी गुलामगिरीविरुद्ध. सक्तीच्या श्रमाविरुद्ध १९३० साली आंतरराष्ट्रीय करार झाला, पण त्यात युद्धकाळाला सूट होती. माणूस सर्वांत जास्त राबवला जातो, नेमका तेव्हाच कायदा बाजूला सरतो.

म्हणून वेठ मोडली ती नकाराने. मे १९४५ मध्ये झरी येथे वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून उठले. गोदावरी व शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. तरीही १९४६ साली जंगलतोडीला दिवसाला सव्वा रुपया मागत मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरात पाच हुतात्मे झाले. त्यांना मानवंदना दिली जाते, ती योग्यच आहे. तलवाड्याचेही पाचच होते. पहिल्यांनी परकी सत्ता नाकारली, दुसऱ्यांनी खांद्यावरचे ओझे. घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारी निषिद्ध ठरवली, तिथे या दुसऱ्या नकाराचाही वाटा आहे. शाळेत स्वातंत्र्याचा इतिहास शिकवताना ही दोन्ही नावे एकाच दमात घेतली गेली पाहिजेत.